स्पितीची वाट आणि वाटाड्या

आपल्या समाजातून निघणाऱ्या धम्मसहलींचा पल्ला गेल्या काही वर्षांत बराच लांबला आहे. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी एवढा फेरा पूर्ण झाला की जन्माचे सार्थक झाले, असे मानणारी एक पिढी होती. रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाने, भाकरी-चटणीची पुरचुंडी बांधून ती पिढी निघत असे. त्याच घरांतील मुले आणि नातवंडे आज लेह, तवांग, स्पिती ही नावे सहज उच्चारतात. विद्यालयाच्या या स्मरणिकेची आखणी सुरू असतानाच, वरच्या वर्गांतील मुलामुलींना हिमालयातील बौद्ध खोऱ्यांच्या अभ्यासयात्रेस न्यावे, अशी सूचना माजी विद्यार्थ्यांकडून पुढे आली. तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. मात्र न्यावे कोणत्या वाटेने, कोणाच्या मार्गदर्शनाखाली आणि मनाची कोणती तयारी करून, याविषयी आमची काही ठाम मते आहेत. ती पालकांपुढे आणि समाजबांधवांपुढे मांडण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आमच्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने स्पितीचे खोरे आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती या जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,८४१ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३१,५६४ भरली. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावात मावतील एवढी माणसे आणि त्यांच्याभोवती एवढा मोठा प्रदेश! काझा हे स्पितीचे मुख्य ठाणे कळसूबाईच्या शिखराच्या दुपटीहून अधिक उंचीवर आहे. पाऊस जवळजवळ नाही. जे पिकते ते बर्फाच्या वितळलेल्या पाण्यावर, कूल म्हणजे मैलोगणती कोरून आणलेल्या पाटांच्या आधाराने. जव, अलीकडच्या काही दशकांत नगदी पीक म्हणून हिरवा मटार, आणि घराभोवती याक व चुरू. एवढ्या तुटपुंज्या साधनांवर या लोकांनी हजार वर्षे विहार उभे ठेवले, ग्रंथ जपले, भिक्षूंना पोसले. ही गोष्ट डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे, याबद्दल दुमत नसावे.

परंतु आज बहुसंख्य मंडळी ही गोष्ट पाहतात कशी? सिमल्याहून निघायचे, सांगला, कल्पा, नाको, ताबो, काझा करीत कुंझुम खिंड ओलांडायची, चंद्रताल सरोवरावर छायाचित्रे काढून मनालीला उतरायचे. आठ-नऊ दिवसांत वर्तुळ पूर्ण. प्रत्येक विहाराला अर्धा तास. हिक्किमच्या उंचावरील टपाल कार्यालयातून घरच्या पत्त्यावर एक पत्र, लांग्झाच्या बुद्धमूर्तीसमोर एक समूहचित्र. सोबत आलेला व्यवस्थापक मुंबई-पुण्याचा असतो. जेवणात पिठलं-भाकरी मिळेल याची हमी तो देतो आणि ती पाळतोही. पण विहाराच्या दारात पोहोचल्यावर त्याला सांगण्यासारखे फार थोडे असते. बांधणीचे साल, उंची, बूट काढण्याची सूचना आणि परत गाडीत बसण्याची वेळ, एवढ्यावर त्याचे मार्गदर्शन संपते. त्याचा व्यवसाय प्रामाणिक असेल. पण अभ्यासयात्रा या शब्दाशी त्याचा संबंध नाही.

मार्गदर्शक कसा असावा याचे उत्तर खुद्द ताबोच्या भिंतीवर हजार वर्षांपूर्वी रंगवून ठेवले आहे, आणि त्याच भिंतीसमोरून लोक अर्ध्या तासात बाहेर पडतात. म्हणून या एका वास्तूविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

ताबोचा विहार इसवी सन ९९६ मध्ये गुगे राज्याचा अधिपती येशे-ओ याच्या आश्रयाने उभा राहिला. ४६ वर्षांनी, १०४२ मध्ये, त्याच्याच घराण्यातील जांगचुप-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला. तशी नोंद विहाराच्या भिंतीवरील लेखात आहे. या सर्व उद्योगामागे उभा असलेला विद्वान म्हणजे महान अनुवादक रिंचेन झांगपो (९५८–१०५५). त्याने काश्मीरमध्ये राहून संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला, भारतीय पंडितांच्या साहाय्याने ते भोट भाषेत उतरवले आणि येताना काश्मीरचे कलावंतही सोबत आणले, अशी परंपरा आहे. बाहेरून पाहिल्यास ताबोत काहीही भव्य नाही. मातीच्या जाड भिंती, मातीची सपाट छपरे. एखाद्या खेड्यातील धान्याची कोठारे वाटावीत. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते, आणि मग मुख्य मंदिराच्या चारही भिंतींवरून, माणसाच्या डोक्याच्या वर, ३२ मृत्तिकामूर्ती अंधारातून एकेक करून पुढे येतात. मध्यभागी चतुर्मुख वैरोचन. सबंध दालन म्हणजेच एक मंडल आहे. आपण त्याच्या बाहेर उभे राहून पाहत नाही, आत चालत असतो. आत छायाचित्रणास मनाई आहे. आमच्या मते त्या दालनातील सर्वांत उपकारक नियम तोच होय. यंत्र खिशात गेले की माणूस पाहू लागतो.

या मूर्तींच्या खालच्या पट्ट्यात दोन कथा रंगवलेल्या आहेत. एका बाजूस तथागतांचे चरित्र, दुसऱ्या बाजूस सुधनाची यात्रा. पहिली कथा आपल्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. दुसरी फारशी कोणास ठाऊक नाही. गंडव्यूहसूत्र नावाच्या संस्कृत महायान ग्रंथातली ही कथा. सुधन हा श्रेष्ठीपुत्र, म्हणजे व्यापाऱ्याचा मुलगा. बोधीचा मार्ग विचारण्यासाठी तो मंजुश्रीकडे जातो. मंजुश्री त्याला सगळे सांगून टाकत नाही. दक्षिणेकडील एका भिक्षूचे नाव सांगून त्याला वाटेला लावतो. तो भिक्षू आपल्याला उमगलेले तेवढे सांगतो आणि पुढच्याचे नाव देतो. असे करीत सुधन पन्नासहून अधिक कल्याणमित्रांना भेटतो. त्यांत भिक्षू आहेत, भिक्षुणी आहेत, राजे आहेत; पण व्याकरण शिकवणारा द्रविड देशीचा पंडित आहे, अत्तरे विकणारा गांधी आहे, नावाडी आहे, वाळूत खेळणारा एक मुलगा आहे आणि वसुमित्रा नावाची गणिकाही आहे. प्रत्येकाचे बोलणे एकाच ठिकाणी येऊन थांबते: मला एवढेच कळले आहे, याच्या पलीकडचे दुसऱ्याला विचार.

मार्गदर्शकाची याहून चांगली व्याख्या आम्हांस ठाऊक नाही. जो आपल्या ज्ञानाची सीमा दाखवतो आणि पुढचे दार ठोठावायला सांगतो, तो मार्गदर्शक. म्हणून आमचा पहिला आग्रह असा, की आपल्या मुलांच्या यात्रेचा मार्गदर्शक एकच नसावा. पाट वळवणाऱ्या शेतकऱ्याकडून पाण्याची वाटणी समजून घ्यावी. विहाराचा अर्थ विहारातील भिक्षूने सांगावा. घराची बांधणी गवंड्याने, जवाचे पीठ आणि लोणी घातलेला चहा घरच्या बाईने, रस्त्याची गोष्ट रस्त्यावर राबणाऱ्या मजुराने. हा मजूर बहुधा झारखंडचा किंवा नेपाळचा निघेल. तोही त्या खोऱ्यातील आजच्या संस्कृतीचा भाग आहे आणि कोणत्याही माहितीपत्रकात त्याचे चित्र नसते. भाषेची अडचण येईल अशी शंका घेण्याचे कारण नाही. स्पितीतील तरुण हिंदी उत्तम बोलतात, बहुधा आपल्या मुलांपेक्षा बरे.

आता त्या प्रश्नाकडे वळू ज्याविषयी आपल्या सहलींतून परतलेली मंडळी खासगीत बोलतात आणि जाहीरपणे मात्र मौन पाळतात. विहारात शिरल्यावर आपल्या माणसाला एक धक्का बसतो. उग्र मुद्रेच्या देवता, कवट्यांच्या माळा, लोण्याचे दिवे, फिरवायची मंत्रचक्रे, मुहूर्त पाहणारा लामा. ज्याने बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ वाचून बुद्ध ओळखला, ज्याच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, त्याला हे सारे परके वाटणे स्वाभाविक आहे. काहीजण तेथल्या तेथे निकाल देऊन मोकळे होतात: हा धम्मच नव्हे. काहीजण उलट टोकाला जातात. परत येताना मंत्रचक्र, पताका आणि धूप घेऊन येतात, आणि हिमालयातला धम्म तेवढा अस्सल, आपला उसना, असे मनात धरून बसतात. आम्हांस दोन्ही भूमिका सारख्याच आळशी वाटतात.

आचार्य धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात गोव्यातून बाहेर पडले, पुणे-काशी करीत नेपाळात पोहोचले, आणि तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाले. पुढे सिंहलद्वीपात जाऊन त्यांनी प्रव्रज्या घेतली. त्यांची निराशा खरी होती आणि ती त्यांनी लपवली नाही. पण कथेला दुसरी बाजूही आहे. पुढे राहुल सांकृत्यायन याच हिमालयापलीकडील मठांत वारंवार गेले आणि भारतात नामशेष झालेल्या ग्रंथांची संस्कृत हस्तलिखिते त्यांना तेथे सापडली. आचार्य धर्मकीर्तीचे ‘प्रमाणवार्तिक’ हे त्यांतलेच. तर्काने धम्म तपासू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना ज्या ग्रंथाचा अभिमान वाटावा, तो ग्रंथ लोण्याचे दिवे लावणाऱ्यांनी सांभाळला. नालंदा जळाली तेव्हा आणि त्यानंतरही ते त्या पानांना धूप दाखवत राहिले. त्यांनी ती पाने वाचली किती, हा प्रश्न जरूर विचारावा. पण ती त्यांनी फेकली नाहीत, याची जाणीव ठेवून विचारावा.

आम्ही मुलांना एवढेच सांगू: पटले नाही तर तसे म्हणा, पण ते स्वतःच्या विहारात परतल्यावर आणि पुरते समजून घेतल्यावर. त्यांच्या दारात पाहुणे म्हणून उभे असताना विचारण्याचा अधिकार आपल्याला आहे, निवाड्याचा नाही.

मात्र या शिष्टाचाराच्या नावाखाली एक प्रश्न गिळून टाकावा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. उत्सवाच्या दिवशी गावात ढोल आणि सनई वाजते. पाहुणे टाळ्या वाजवतात, ध्वनिमुद्रण करतात. ते वाजवणारा कोण? स्पितीत आणि लडाखातही वाजंत्री आणि लोहार यांची घराणी वेगळी मानली जातात. पंगतीत बसण्याचा एक ठरलेला क्रम असतो आणि त्या क्रमात या घराण्यांची जागा परंपरेने शेवटची. बेटीव्यवहार त्यांच्याशी होत नाही. लडाखात यांना बेडा, मोन, गारा या नावांनी ओळखतात. राज्यघटनेनुसार त्यांची नोंद अनुसूचित जमातींत झाली असली तरी पंगतीतली जागा कागदाने बदललेली नाही. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी गावच्या लग्नात हलगी वाजवली आणि जेवायला उकिरड्याकडेला बसले, त्यांच्या नातवंडांना हे दिसले नाही तर कोणाला दिसणार? बुद्धाचे नाव हजार वर्षे घेणाऱ्या समाजातही माणसांची उतरंड टिकून राहू शकते, ही गोष्ट आपल्या मुलांनी पुस्तकात नव्हे, डोळ्यांनी पाहावी असे आम्हांस वाटते. ती पाहून नाक मुरडावे म्हणून नव्हे. त्या वाजंत्र्याच्या घरी जाऊन चहा घ्यावा म्हणून. यात्रेच्या आखणीत एक दुपार त्या घरासाठी राखून ठेवावी. सुधनाच्या यादीत गणिकेचे घर होते, आपल्या यादीत हे असावे.

मुलींनीही एक प्रश्न विचारावा. स्पिती आणि किन्नौरच्या परंपरागत कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला वाटा नाही. स्पितीत तर पूर्वापार जमीन सर्वांत मोठ्या मुलाकडे जाई, म्हातारे आईबाप धाकट्या घरात राहायला जात आणि धाकटे मुलगे बहुधा विहारात. जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून हे चालत आले. ही व्यवस्था समजून घेतल्याशिवाय विहारातील भिक्षूंची संख्या समजत नाही. या बायकांशी आपल्या मुलींचे बोलणे व्हावे. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले हे ज्या मुलींनी वक्तृत्व स्पर्धेत दहा वेळा सांगितले आहे, त्यांना या बोलण्यात भर घालता येईल आणि बरेच काही ऐकताही येईल.

की विहार काझाच्या वर चार हजार मीटरांहून अधिक उंचीवरील टेकाडावर आहे आणि सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. धनकरविषयी मात्र एक वाक्य. पिन आणि स्पिती नद्यांच्या संगमावर, खचत चाललेल्या कड्याच्या टोकावर तो जुना विहार उभा आहे. २००६ मध्ये जगातील सर्वाधिक धोक्यातील १०० वारसास्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला होता. तेथे एकावेळी थोडीच माणसे आत गेलेली बरी. गुए गावी काचेत ठेवलेला, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या भिक्षूचा न कुजलेला देह पाहण्यास मुलांना नेऊ नये, असे आमचे मत आहे. गावकऱ्यांच्या लेखी तो श्रद्धेचा विषय आहे. तेथे जाणारी बहुतेक वाहने मात्र नवल पाहण्यासाठी जातात, आणि आणखी एका वाहनाची गरज नाही.

आता मूळ मुद्दा. हा मुद्दा आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेला प्रत्येकजण इतरांपेक्षा लवकर ओळखेल. विहारांत लहान मुले असतात. लाल चीवरे, गोबरे गाल, हसरे डोळे. पर्यटक त्यांच्याभोवती गराडा घालतात, चॉकलेटे वाटतात, जेवताना, पाठांतर करताना, भांडी घासताना त्यांची छायाचित्रे टिपतात. ती मुले घरापासून दूर, वसतिगृहात राहणारी मुले आहेत. आपण कोण होतो? वह्यावाटपाच्या दिवशी रांगेत उभे राहून, देणगीदाराच्या हातातली वही अर्धवट धरून, छायाचित्र निघेपर्यंत हसत राहण्याचा सराव आपल्यापैकी कोणाला नाही? वही कामी आली, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण ते हसणे अंगावर कसे बसत असे, हेही आपल्याला आठवते. त्या आठवणीचा उपयोग करावा असे जर कोठे असेल तर तो येथे. आपल्या विद्यार्थ्यांनी त्या मुलांचे एकही छायाचित्र काढू नये. त्यांच्याशी क्रिकेट खेळावे. उंचीवर धाप लागते आणि ती मुले हमखास जिंकतात, त्याने सर्वांचेच भले होईल.

स्पितीतील घरांची आजची अवस्था समजण्यासही आपणच योग्य माणसे आहोत. खोऱ्यात शाळा आहेत. पण पुढच्या शिक्षणासाठी मुलामुलींना काझाला, आणि त्यानंतर मनाली, सिमला, धर्मशाळा येथील वसतिगृहांत पाठवले जाते. गावात उरतात आजी-आजोबा, पेरणीच्या वेळी येणारे आईवडील आणि भाड्याने आणलेले मजूर. भोटी भाषा घरात बोलली जाते, पण लिहिता-वाचता येणारी मुले कमी. या भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळावे ही हिमालयातील बौद्धांची जुनी मागणी आहे. काझाजवळ रंगरिक येथे मुन्सेल-लिंग ही निवासी शाळा आहे. ती स्पितीतीलच लोकांच्या संस्थेने उभी केली आणि त्या संस्थेने नाव घेतले आहे अनुवादक रिंचेन झांगपोचे. मुलांना खोऱ्याबाहेर न धाडता खोऱ्यातच चांगले शिक्षण मिळावे, हा तिच्यामागचा विचार. आपल्या संस्थेची पायाभरणी ज्या विचाराने झाली त्याचा हा सख्खा भाऊ शोभतो. यात्रेत एका विहाराची भेट कमी झाली तरी चालेल, पण अशा शाळेतील मुलांबरोबर दोन दिवस घालवण्याची परवानगी आधी पत्र लिहून मागावी. मिळाली नाही तर आग्रह धरू नये. त्यांची परीक्षा असेल, शेतीची सुट्टी असेल, किंवा पाहुण्यांचा कंटाळाही आला असेल.

ताबोला हिमालयातील अजिंठा म्हणण्याची पद्धत आहे. प्रसिद्धीपत्रकात ती शोभते. पण तुलना करायचीच तर ती मातीने करावी. अजिंठ्यातील चित्रे कोरलेल्या पाषाणावर मातीचा गिलावा देऊन रंगवली. ताबोत भिंतही मातीची आणि मूर्तीही मातीच्या. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौरच्या भूकंपाने ताबोला हादरे बसले, तरी ती माती उभी राहिली. आज तिला भय आहे ते पावसाचे. ज्या प्रदेशात पाऊस जवळजवळ नव्हता तेथे तो अवेळी पडू लागला की मातीची छपरे गळतात आणि ओघळ चित्रांवर उतरतात. म्हणून यात्रेपूर्वी आपल्या मुलांना एकदा अजिंठ्याला न्यावे आणि तेथील मार्गदर्शकाला चित्रांच्या कथांपेक्षा गिलाव्याविषयी अधिक विचारावे. शेकडो वर्षे जंगलात विसरली गेलेली लेणी आणि हजार वर्षे अखंड पूजेत असलेला विहार यांतला फरक मग ताबोत आपोआप उमगेल. एका जागी धूळ साचली, दुसऱ्या जागी काजळी. दोन्ही स्वच्छ करणाऱ्यांपुढील प्रश्न वेगळे आहेत.

मुक्काम हॉटेलात नसावा, घरात असावा. स्पितीत घरगुती निवासाची सोय अनेक गावांत आहे. घरात राहिले की पहिला धडा शौचालयात मिळतो. तेथे पाणी नसते. वरच्या मजल्यावर जमिनीला एक भोक, शेजारी मातीचा किंवा राखेचा ढीग आणि एक फावडे. वापर झाला की वरून माती टाकायची; वर्षभर साचून सुकलेले हे खत वसंतात शेतात जाते. हिवाळ्यात नळ गोठतात आणि उन्हाळ्यात पाण्याचा प्रत्येक घमेलाभर हिस्सा पाटातून शेताला हवा असतो, अशा ठिकाणी याहून शहाणी व्यवस्था असू शकत नाही. पर्यटकांना मात्र भरपूर पाण्याचे शौचालय आणि गरम पाण्याचे स्नान हवे असते, आणि त्यांच्या हट्टापायी काझात इमारती आणि टाक्या वाढत आहेत. त्या टाक्यांत येणारे पाणी कोणत्या तरी पाटातूनच वळते. सफाईच्या कामाशी आपल्या समाजाचे नाते लादलेले होते, ते आपण झुगारले. म्हणूनच, जेथे घरातला प्रत्येकजण, घरधन्यासकट, हे फावडे स्वतः हाती धरतो, ती व्यवस्था आपल्या मुलांनी नीट निरखावी असे आम्हांस वाटते. याविषयी पालकांपैकी काहींना किळस वाटेल, याची कल्पना आहे.

लांग्झा परिसरात प्राचीन टेथिस समुद्रातील शंखांचे जीवाश्म सापडतात आणि लहान मुले ते हातावर ठेवून विकू पाहतात. ते घेऊ नयेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्र कोणाच्या फडताळात ठेवण्यासाठी नाही, आणि शाळेच्या वेळेत रस्त्यावर उभे राहण्याचे बक्षीस मुलाला मिळता कामा नये.

सुरक्षिततेविषयी पालकांची काळजी योग्य आहे. उंची सावकाश गाठली पाहिजे. मनालीच्या बाजूने गेल्यास माणूस एका दिवसात फार वर चढतो. डोकेदुखी, उलट्या, झोप उडणे हे मग ठरलेलेच, आणि क्वचित प्रकरण जीवावरही बेतते. किन्नौरच्या बाजूने, सतलजच्या काठाने, चार-पाच दिवसांत चढत गेल्यास शरीर सरावते. त्या वाटेला पावसाळ्यात दरडींचे भय आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरी येथे डोंगर कोसळून बस आणि इतर वाहने गाडली गेली आणि २८ जण मृत्युमुखी पडले. त्याच वाटेवर नाथपा-झाकरीचा १,५०० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे आणि आणखी बोगदे खणले जात आहेत. डोंगर का खचतात, याविषयी किन्नौरच्या तरुणांना काय वाटते तेही मुलांनी ऐकावे. पण पावसाळ्यात नव्हे.

म्हणून आमची सूचना मे महिन्याची आहे. दहावीची परीक्षा आटोपलेली असते, सुट्टी असते, आणि स्पितीत तेव्हा पेरणी चालू असते. पाट साफ करून नव्या वर्षाचे पाणी सोडण्याचे ते दिवस. त्या काळात कुंझुम खिंड बर्फामुळे बहुधा बंद असते आणि चंद्रताल गाठता येत नाही. ही अडचण आहे असे प्रवासी कंपन्या सांगतील. आम्हांस ती सोय वाटते. वर्तुळ पूर्ण करता येत नाही, म्हणून ज्या वाटेने गेलो त्याच वाटेने परतावे लागते आणि ज्या घरात पहिल्या मुक्कामी उतरलो तेथेच आठ दिवसांनी पुन्हा उतरावे लागते. पहिल्या वेळी पाहुणा म्हणून आलेला मुलगा दुसऱ्या वेळी पाटावर फावडे घेऊन उभा राहू शकतो.

संख्या वीसहून अधिक नसावी, दोन शिक्षक आणि एक शिक्षिका सोबत असाव्यात, आणि निवड गुणपत्रिकेवरून होऊ नये. गुणवत्ता यादीतील मुलांना पुढे जग पाहण्याच्या अनेक संधी मिळतात. पत्र लिहिता येणारी, ऐकून घेणारी, घरकामाची लाज न वाटणारी मुले निवडावीत. वसतिगृहाच्या अधीक्षकांना ती नावानिशी ठाऊक आहेत. खर्चाचा निम्मा भार माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. उरलेल्या निम्म्यासाठी कोणत्याही पालकास कर्ज काढावे लागू नये, एवढी तजवीज संस्थेने करावी. आणि या वर्षी ते जमणार नसेल तर घाईने मोठी बस भरून नेण्यापेक्षा यात्रा पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबवावी. दरम्यान रंगरिकच्या शाळेस पहिले पत्र या दिवाळीपूर्वी जावे. हिवाळ्यात तिकडे टपाल उशिरा पोहोचते.